जिथं पोकळी, तिथं भर

तबस्सुम शिकलगारनं भर सभेत तोंडातली कवळी काढली आणि सरपंचांच्या पुढ्यात, चहाच्या कपाशेजारी ठेवली.

गुलाबी पट्टी, तिला पुढचे चार दात. ओली, चकाकती. सर्जेरावआप्पांनी घाईघाईनं कप उचलून घेतला.

"बघा नीट," तबस्सुम म्हणाली. दातांविना तिचे शब्द फसफसत होते, पण ती थांबली नाही. "नववीत होते. जिल्ह्याची फायनल. समोरच्या पोरीचं कोपर बसलं. ढाल जिंकलो, ती मंडळाच्या कपाटात आहे. दात तिथंच मातीत राहिले."

"झाका हो ते, ताई," आप्पा म्हणाले. "चहा जाईना खाली."

"मला बघायला आलेल्या पाहुण्यांच्याही जात नव्हता. बाकीचे कप तसेच ठेवून उठले. एकानं पूर्ण पिला, त्याच्याशी निकाह केला."

सभेत हशा पिकला. तिनं कवळी पुसून परत बसवली आणि आवाज एकदम धारदार झाला. "हेल्मेट न घालता पोराला गाडी दिली तर बापाला दंड होतो. पोरीला कोपरांच्या गर्दीत तसंच सोडलं तर बाप टाळ्या वाजवतो. माझ्या कबड्डी मंडळात हे चालणार नाही. दातांवर घालायचं नवं कवच निघालंय. कवच नाही, तर खेळ नाही. ज्याला पटत नाही त्यानं पोरगी घरी न्यावी."

कुणीच नेली नाही. कासारमळ्यात दुसरं होतं काय पोरींना? उसाच्या पट्ट्यात वसलेलं गाव, उन्हाळा असा वाढलेला की सकाळी आठनंतर मैदान बंद. त्या दोन तासांच्या मॅटवर पोरी मोकळ्या व्हायच्या, बाकी दिवसभर घराच्या पत्र्याखाली शिजायच्या. तबस्सुमचा नियम आधी गावानं मानला, मग तिनं भांडून भांडून तो जिल्ह्याच्या संघटनेच्या गळी उतरवला. त्या वर्षापासून कवच नसलेली पोरगी जिल्ह्यात कुठंच मॅटवर उतरू शकत नव्हती.

खेळताना दातांवर कवच घालणं ही नवी गोष्ट नव्हती. मुष्टियुद्धवाले, हॉकीवाले कधीपासून घालत होते. पण पोरांच्या तोंडात ते टिकायचं नाही, कारण पोरांचं तोंड सारखं बदलतं. दुधाचा दात पडतो, त्याच्या जागी नवा कोंब येतो, जबडा रुंदावतो. जूनमध्ये मापानं केलेलं कवच दिवाळीत टोचायला लागतं, मग पोरगं ते खिशात ठेवतं, आणि कोपर काही खिशावर बसत नाही. कबड्डीत अडचण आणखी मोठी. चढाईला गेलेल्या पोरीनं एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं, हा तिचा दम. पंचाला तो ऐकू आला पाहिजे. तोंडात रबराचा बोळा असल्यावर काय ऐकू येणार, कपाळ?

नव्या कवचानं दोन्ही प्रश्न सोडवले. ज्या पदार्थाचं ते बनायचं, त्यात डोळ्यांना न दिसणारे दाबमापक पेरलेले होते. तोंडाच्या उबेत हा पदार्थ सरकायचा. मधासारखा, पण फार सावकाश. दात किंवा हिरडी दाबत असेल तिथून तो मागं हटायचा. जिथं काहीच दाबत नसेल तिथं पुढं यायचा, कशाला तरी टेकला की घट्ट व्हायचा. जिथं पोकळी, तिथं भर. जिथं दाब, तिथं माघार. एवढीच त्याची अक्कल. दात पडला की कवच ती खाच भरणार, नवा आला की त्याला वाट करून देणार. दमासाठी टाळूवर एक पातळ पट्टी होती. ती तोंडात कोंडणाऱ्या हवेचा दाब मोजायची. दम चालू असेपर्यंत पंचाच्या मनगटावर हिरवा दिवा, सुटला की लाल. ऐकायची गरजच उरली नाही.

त्याचा एक परिणाम मात्र कुणी धरला नव्हता. पोरी ओरडायच्या बंद झाल्या. कुजबुजलं तरी दिवा हिरवाच राहतो म्हटल्यावर घसा कोण फोडेल? ज्या खेळाचा आवाज शेजारच्या वस्तीवर जायचा, तो मुका झाला. ओठ हलायचे, पावलांचा मॅटवर चरचराट व्हायचा, बस्स. तबस्सुमला ते नकोसं व्हायचं. भांडण झालेल्या घरात जेवायला बसल्यासारखं. पण दात शाबूत होते. तिनं स्वतःला सांगितलं, दात शाबूत आहेत ना, मग गप बस.

जुई कुंभार तेव्हा बारा वर्षांची. फाटका ओठ आणि फाटकी टाळू घेऊनच जन्मली. वर्षाची होतेय तोवर ऑपरेशन झालं, ओठ शिवला, टाळू शिवली, आईबापांनी पेढे वाटले. पण टाळूवर करंगळीच्या नखाएवढं भोक राहून गेलं. क, ब, ड म्हणून बघा. दर वेळी हवा तोंडात क्षणभर कोंडते आणि मग फुटते. जुईच्या तोंडात हवा कोंडायचीच नाही, भोकातून नाकात निसटायची. 'कबड्डी'चं 'अमन्नी' व्हायचं. गावानं तिचं नावच अमन्नी पाडलं. अशा कामांना गावाकडं कायम वेळ असतो.

पोरगी पायानं वीज होती. समोरच्या सातजणी हात पसरून उभ्या राहायच्या आणि ही त्यांच्या बगलेखालून पाण्यासारखी निघून यायची. पण चढाईला गेली की पंचाची शिट्टी: दम स्पष्ट नाही. नियमानं बरोबरच. म्हणून सरावात जुई आणि सामन्यात पाण्याच्या बाटल्या सांभाळणारीही जुई.

कवच आलं तेव्हा तबस्सुमला वाटलं, आता शब्द नको, नुसती हवा पुरे. पहिल्याच सकाळी तिनं जुईला चढाईला सोडलं. दिवा लाल. परत सोडलं. लाल. हवा तोंडात कोंडतच नाही तर पट्टी मोजणार काय?

"आता मशीनबी म्हणायलंय, अमन्नी!" कुणीतरी मागून ओरडलं.

जुईनं त्या बाजूला पाहिलंसुद्धा नाही. कवच तोंडातच ठेवून ती घरी गेली.

घरी तिची आई कोमल गणपतीच्या कामात बुडालेली. कवच एका वेळी दोन तास घालायचं, मग धुऊन डबीत ठेवायचं, असं त्यासोबत बजावलं होतं. कोमलनं ऐकलं आणि सोडून दिलं. साच्यातून घाईनं मूर्ती काढली की सोंड साच्यातच राहते, हे ती लग्न होऊन आल्यापासून बघत होती. ओली वस्तू जिथं बसायची आहे तिथं बसू द्यावी, मध्ये मध्ये हात लावू नये. "बसल्याबिगर काढायचं न्हाई," तिनं जुईला ताकीद दिली. "लाल दिवा लागला म्हंजे अजून बसलं न्हाई." मग जुई ते घालून जेवायची, घालून झोपायची, घालून शाळेत जायची. दात घासण्यापुरतं काढायची, तेही आई समोर उभी राहायची.

आणि कवचानं आपलं काम केलं. त्याच्या लेखी टाळूवरचं भोक म्हणजे पडलेल्या एका दाताची खाच. पोकळी आहे, भर घाल. आठवड्यामागून आठवडे ते केसाकेसानं वर चढत राहिलं.

मूर्तींना रंग द्यायचे दिवस आले तेव्हाची गोष्ट. जुईची चुलती वैजू दारातून डोकावली. "ए अमन्नी, आईला सांग नळाला पाणी आलंय."

"गप बस."

कोमल गणपतीचा डोळा काढत होती. तिचा हात तिथंच थांबला.

"काय म्हणालीस?"

"गप बस म्हटलं तिला," जुई म्हणाली. "भटकभवानी कुठली!"

एकूण एक अक्षर टणक, फुटाण्यासारखं फुटलेलं. वैजू तोंडावर हात ठेवून उभी. कोमलनं उठून पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. "मोठ्या माणसांना असं बोलत्यात व्हय?" आणि मग रंगाच्या हातांनी तिचं तोंड धरून, रडत, हसत: "परत म्हण."

दुसऱ्या दिवशी मॅटवर दिवा हिरवा लागला आणि हिरवाच राहिला. जुई एकटीच होती जी कुजबुजत नव्हती. ती ओरडायची. 'कबड्डी'तला ड असा आपटायची की समोरच्या पोरी दचकायच्या. त्या हंगामात कासारमळ्यानं तालुका मारला, जिल्ह्याची उपांत्य फेरी मारली. मैदानाबाहेरही पोरगी थांबेना. इतक्या वर्षांचं साठलेलं. शाळेत बाईंना उलट प्रश्न, दुकानदाराला टोमणे, शेजारच्या म्हशीलासुद्धा नाव ठेवून मोकळी. लोक म्हणायला लागले, आधीच बरी होती. लोकांना मुकी पोरगी कायमच बरी वाटते.

तबस्सुम मात्र आतून अस्वस्थ. जुई कवच काढतच नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. इतर पोरी पाणी प्यायच्या आधी काढून हातात घ्यायच्या. ही मान वर करून तशीच प्यायची. फायनलच्या आठवड्यात एका सकाळी चढाईहून परतताना जुईच्या नाकातून रक्त आलं. तिनं बाहीला पुसलं.

"काय झालं गं?"

"काही नाही ताई. ऊन आहे."

ऊन अजून यायचं होतं.

"आ कर."

"नको."

"आ कर म्हणते ना!"

जुई दोन पावलं मागं सरकली. कोपराला न घाबरणारी पोरगी कोचच्या बोटाला घाबरली. त्याच दुपारी तबस्सुमनं मायलेकींना स्वतःच्या गाडीत घालून इस्लामपूरला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. शलाका बिरनाळे तिचं नाव, वयानं लहान, बोलायला सरळ. तिनं नाकातून बारीक कॅमेरा घातला आणि पडद्यावर चित्र दाखवलं. भोकातून वर गेलेला पदार्थ नाकात कापसाच्या बोंडासारखा फुगला होता. कडेची कातडी लाल, खरचटलेली.

"काढायला लागेल," शलाका म्हणाली.

"का म्हणून?" कोमल उभीच राहिली.

"दोन कारणं. बोंडाची मान बारीक आहे. खेळताना मार बसून तुटलं तर श्वासनळीत जाऊ शकतं. आणि न तुटलं तरी ते तिच्या टाळूला आतून जखडून ठेवणार. तिचा वरचा जबडा अजून वाढायचाय. वाढणार नाही."

"जबडा नको वाढू दे. बोलती ती! तुम्हास्नी कळतंय का? बोलती!"

 जुई पडद्यावरचं ते बोंड बघत होती. कोमलनं तिचा दंड धरला आणि दोघी निघून गेल्या. एसटीनं जातो म्हणाल्या, तुमची गाडी नको.

तबस्सुमच्या फोनवर त्याच वेळी निरोप आला. कवचं बनवणाऱ्या कंपनीनं कासारमळा मंडळाची सगळी कवचं थांबवली होती. एका कवचानं स्वतःच कळवलंय की त्याचा आकार मर्यादेबाहेर गेलाय, ते परत येईपर्यंत एकाही पोरीचा दिवा लागणार नाही.

कंपनीचा माणूस संध्याकाळी गावात आला. अथर्व नाव, दाढी कोरलेली, हातात पांढरा ट्रे. हंगाम संपला की सगळी कवचं ह्याच ट्रेमध्ये जमा व्हायची. वस्तू कंपनीची, पोरींना फक्त वापरायला. नम्र होता. असली माणसं नम्रच असतात, शिव्या द्यायलाही जागा ठेवत नाहीत.

"ताई, त्या मुलीच्या नाकात आमची वस्तू वाढतेय. उद्या काही झालं तर? आम्ही ते मूळ आकारात आणून देऊ. नव्या मर्यादेसकट. टाळूपाशी पुन्हा वाढणार नाही."

"आणि तिचं बोलणं?"

अथर्वनं ट्रे या हातातून त्या हातात घेतला. "बोलणं आमच्या कक्षेत येत नाही. आम्ही दात सांभाळतो."

तबस्सुमला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण तो बरोबर बोलत होता, आणि तेच जास्त झोंबलं. दात सांभाळा म्हणून सभेत कवळी कुणी काढली होती? तिनंच.

सकाळी तिनं मैदान बंद ठेवलं आणि ती परत शलाकाकडं गेली. एकटी.

"दुसरा काही मार्ग?"

"आहे की. जुनाच आहे. टाळूला प्लास्टिकची पट्टी, तिला वरून भोकाच्या मापाचा छोटा उंचवटा. काढता-घालता येणारी. फाटलेल्या टाळूला अशी झाकणं शंभर वर्षांहून जास्त काळ बनताहेत." शलाकानं तिच्या तोंडाकडं बोट केलं. "तुमची कवळी आहे ना, तिचीच सख्खी बहीण."

तबस्सुमची जीभ आपोआप टाळूवर गेली. गुलाबी, गुळगुळीत, थंड पट्टी. इतकी वर्षं. रोज सकाळी ही पट्टी तोंडात घालून ती त्या पोरीवर ओरडत होती, 'दम मोठा घे जुई, दम मोठा घे.'

"मग आजवर कुणी का केली नाही?"

"कोण करणार? ऑपरेशन एकदा होतं, फोटो निघतो, फलक लागतो. वाढत्या पोरीला अशी पट्टी दर सहा-आठ महिन्यांनी नवी लागते. त्याला फलक कुठला लावणार?" शलाकानं टेबलाचा खण ओढला. "आणि माझ्यासारख्या कंटाळा करतात, हेही खरंय. भोकाचं नीट माप मिळत नाही. पोरं ओकाऱ्या काढतात, साहित्य नाकात जातं, पट्टी ढिली बसते आणि शेवटी खणात पडून राहते."

"पण आता माप आहे," तबस्सुम म्हणाली.

शलाकानं तिच्याकडं बघितलं.

"ते बोंड. त्याच्याएवढं अचूक माप कुणी घेतलंय?"

कोमलच्या पत्र्याच्या शेडमध्ये रंगाचा वास कोंडला होता. सोंडा, हात, कान वेगवेगळे वाळत पडलेले. कोमलनं तबस्सुमला बस म्हटलं नाही.

"ट्रेवाला आणलाय का संगं?"

"नाही. हे आणलंय." तबस्सुमनं कवळी काढली आणि सोंडांच्या रांगेत ठेवली. सभेत काढली होती ती दाखवायला. आता ती तिनं कोमलच्या हाताजवळ सरकवली. फसफसत्या तोंडानं ती म्हणाली, "कोमलवहिनी, ते कवच मूर्ती नाही. साचा आहे. तू पोरीच्या तोंडात साचा ठेवून दिलायस आणि त्यालाच मूर्ती म्हणतेयस."

कोमल कवळीकडं बघत राहिली. तिनं ती उचलली, उलटी केली, अंगठ्यानं टाळूचा भाग चाचपला. जसा ती रोज साचा चाचपायची.

"ह्याच्यावर वरनं फुगवटा?"

"हां. बाहेर काढायचा तो न मोडता. त्याचं प्लास्टरमध्ये माप घ्यायचं. मग पट्टी करायची."

"आणि तवर?"

"तवर चार दिवस ती आधीसारखी."

"आणि न्हाई जमलं तर?"

"तर मी गाव सोडीन असं म्हणणार नाही मी. इथंच राहीन. रोज माझ्या तोंडावर बोलायला ये."

कोपऱ्यात बसलेली जुई उठली. तिनं आईच्या हातातून कवळी घेतली आणि उजेडात धरली. "ही पडली तर?"

"नवी करायची."

"मी मोठी झाले तर?"

"नवी करायची. मी आणीन तुला. दर वेळी."

"माझ्या पट्टीला दात नकोत," जुई म्हणाली. "दात आहेत माझे." मग तिनं कवळी तबस्सुमला परत दिली. "घाला ताई. तुम्ही अमन्नीसारख्या बोलताय."

शलाकाच्या खुर्चीत बसल्यावर कोमट पाण्यानं कवच मऊ करायच्या आधी जुईनं हात वर केला. थांबा. आणि ती आईकडं वळून भराभर बोलायला लागली. भाकरी. पाणी. टपरी. डबडं. बाबा. कोपर. कबड्डी. जत्रेतून निघताना पोरगं खिसे भरतं, तशी. मग तिनं तोंड उघडलं.

बोंड अख्खं निघालं. कोमलनं स्वतः प्लास्टर कालवलं, नर्सला हात लावू दिला नाही. "गुठळी ऱ्हायली की गेलं," एवढंच म्हणाली. माप घेतल्यावर कवच अथर्वच्या ट्रेमध्ये गेलं, आणि मंडळाचे दिवे परत लागले.

ते चार दिवस जुई एक शब्द बोलली नाही. वैजूनं दारातून दोनदा हाक मारली, अमन्नी म्हणून. दुसऱ्या वेळी कोमल ओला ब्रश घेऊन बाहेर गेली आणि वैजूची साडी फुकट गेली.

पट्टी फायनलच्या आदल्या दिवशी आली. आधीसारखा आवाज नव्हता. थोडा घुमायचा, स-श फिसकटायचे. पण क होता, ब होता, ड होता. आणि नाक दुखत नव्हतं.

जुई थेट मैदानावर आली. "ताई, माझं कवच?"

अथर्व तिथंच होता. त्यानं मूळ आकारात आणलेलं कवच दिलं. पट्टीवर ते बसेना. दातांवर टेकायच्या आधीच टाळूला अडायचं. दोनदा, तीनदा. त्यानं मान हलवली. "पट्टीवर बसणारं कवच आमच्याकडं नाही. पुढच्या हंगामात बघू."

"पट्टी काढून घातलं तर?"

"बसेल. पण..."  लाल दिवा सगळ्यांनाच माहीत होता.

तबस्सुम जुईला बाजूला घेऊन गेली. "पट्टी काढ, कवच घाल, पकडीला उभी राहा. चढाई नको. पकडीला दम लागत नाही."

"मुकी होऊन उभी राहू?"

"एक सामना."

"मग तसंच खेळते. पट्टी घालून. कवच नको."

"नाही."

"का नाही? दातच ना? माझे आहेत!"

"म्हणूनच नाही." तबस्सुमनं तिची हनुवटी धरली. "तुझे पुढचे दात जिथून टाळू फाटली होती त्या काठावर उभे आहेत. हाड आहे किती त्यांच्याखाली? शलाकाबाईंनी मला फोटोत दाखवलंय. माझे एका कोपरात गेले, तुझे अर्ध्या कोपरात जातील. कवच नाही, तर खेळ नाही."

"तुमचा नियम!" जुई ओरडली. त्या दोन शब्दांत ना ड होता ना ब, तरी अख्खं मैदान वळलं. "तुमचाच नियम! माझ्यामुळं जिंकला तुम्ही! आणि आता बाटल्या सांभाळू?"

तबस्सुमनं तिची हनुवटी सोडली. नियम बरोबर होता आणि पोरगीही बरोबर होती, आणि ह्या दोन बरोबरांच्या मध्ये बसेल एवढं जाड कवच कुणी बनवलं नव्हतं, कारण त्याला गिऱ्हाईक एकच होतं.

"तू ठरव," ती शेवटी म्हणाली. "पकडीला उभी राहा, नाहीतर बाहेर बस. तिसरं मी देणार नाही. शिव्या घाल मला."

जुईनं घातल्या. चांगल्या घातल्या, सगळे क-ब-ड वापरून. आणि रात्रभर काय ठरवलं ते सकाळी कळलं: ती संघाच्या कपड्यात आली, पट्टी तोंडात, आणि बाकावर बसली. बाटल्यांना हात लावला नाही.

फायनल सुरू झाली. सकाळचं कोवळं ऊन, कडेनं सगळा तालुका, आणि मॅटवर ती नेहमीची शांतता. कासारमळ्याची पोरगी चढाईला गेली. ओठ हलताहेत, दिवा हिरवा. समोरच्या सातजणी तिच्याभोवती बिनआवाजाच्या. ती बिचकली, परत आली. दुसरी गेली, धरली गेली. पहिल्या डावात कासारमळा मागं पडला.

मध्यंतरानंतर पहिली चढाई. पोरीनं मध्यरेषा ओलांडली, आणि त्याच क्षणी बाकावरनं आवाज आला.

"कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी..."

जुई उभी होती, मॅटच्या रेषेला बोटं टेकवून, रेषेच्या बाहेर. आतल्या पोरीच्या पावलांवर नजर लावून. ती डावीकडं झुकली की जुईचा आवाज झुकायचा, ती झेपावली की आवाज झेपावायचा. समोरच्या पोरींनी माना वळवल्या. तेवढ्यात आतली पोरगी दोघींना शिवून परत आली. तिनं रेषा ओलांडली तेव्हा कुठं जुईनं श्वास घेतला.

पंच धावत आला. "हिला बसवा खाली! काय चाललंय?"

तबस्सुम शांतपणे म्हणाली, "बाहेरच्या माणसानं दम घ्यायचा नाही, असा नियम दाखवा."

"त्रास होतोय खेळाडूंना!"

"तुमच्या मनगटावर दिवा आहे ना, साहेब? ऐकायची गरज काय तुम्हाला?"

पुढची चढाई. जुई परत. ह्या वेळी आतली पोरगीही तोंडातलं कवच सांभाळत घोगऱ्या आवाजात ओरडत होती. मग पकडीच्या पोरी ओरडायला लागल्या, मग समोरचा संघही, मग कडेची माणसं. त्या मैदानानं कित्येक महिन्यांत असा गलका ऐकला नव्हता. कोमल पदर खोचून दगडावर उभी राहून ओरडत होती, आणि कुणाच्या नावानं तेही धड कळत नव्हतं.

कासारमळा हरला. थोडक्यात, पण हरलाच. जुई असती तर जिंकला असता, हे मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत होतं, तबस्सुमला सगळ्यांत जास्त. ती जुईजवळ गेली नाही. लांबूनच बघत राहिली.

हंगाम संपला होता. अथर्व ट्रे घेऊन पोरींच्या रांगेपुढून निघाला. एकेक पोरगी कवच काढून ट्रेमध्ये टाकायची. रांगेच्या शेवटी संघाच्या कपड्यात जुई. त्यानं सवयीनं ट्रे तिच्याही हनुवटीखाली धरला.

जुईनं ट्रेमध्ये पाहिलं. ओली, पारदर्शक कवचं, प्रत्येकात कुणाचे ना कुणाचे दात उमटलेले. मग तिनं तोंड उघडलं, दोन बोटांनी पट्टी काढली आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरली. गुलाबी, वरती छोटासा उंचवटा. त्याला वाटलं ती टाकणार. त्यानं ट्रे पुढं केला.

जुईनं पट्टी परत तोंडात बसवली, जिभेनं दाबून टाळूला घट्ट केली.

"ही तुमची नाही," ती म्हणाली. "माझ्या आईनं साचा काढलाय. आता हिच्यावर बसणारं कवच करा. पटकन करा. मी बडबड करते, गावाला विचारा."

अथर्वनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण शब्द सापडेना. जुई त्याच्या तोंडाकडं बघत वाट पाहत राहिली. शब्द फुटेपर्यंत वाट बघणं तिला चांगलं येत होतं.